अंथरूण टाकल्यावर: झोप, गोळीची गुंगी आणि योगनिद्रा

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये मी संध्याकाळी शवासनाचा वर्ग घेते. खिडकीखाली भाजीवाल्यांचा ओरडा चालू असतो आणि त्यावर स्टेशनातली घोषणा. नव्याने आलेला माणूस सतरंजी पसरता पसरताच सांगतो, "ताई, रात्र रात्र डोळा लागत नाही." मागोमाग ठरलेला प्रश्न येतो: "योगनिद्रा शिकलो की गोळी बंद होईल ना?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. आपोआप लागलेली झोप, गोळीने आलेली गुंगी आणि योगनिद्रा या तिन्हींत माणूस बाहेरून सारखाच दिसतो: आडवा, डोळे मिटलेले, श्वास संथ. आत मात्र तीन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. तो फरक कळला की कोणत्या वेळी काय करायचं हे ठरवणं सोपं जातं.

आपोआप येते ती

झोप येण्यामागे दोन गोष्टी असतात. दिवसभर मेंदू काम करतो तसतसं त्यात अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल तितक्या पापण्या जड. दुसरी गोष्ट शरीराच्या घड्याळाची. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो सकाळच्या उजेडावर आपली वेळ लावून घेतो. रात्र पडू लागली की त्याच्याच इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि अंगाचं तापमान किंचित उतरतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळालं.

चहाकॉफीतलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. झोप साठलेली असते, पण मेंदूला तिचा पत्ता लागत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, कुणाला त्याहून जास्त. म्हणजे ऑफिस सुटताना साडेपाचला घेतलेली कटिंग रात्री साडेदहाला निम्मी अंगात असते. वर्गातल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी विचारते, शेवटचा चहा किती वाजता?

झोप लागली की ती एकसारखी राहत नाही. सुमारे नव्वद मिनिटांचं एक आवर्तन, अशी रात्रीतून चार ते सहा. हलकी झोप, मग गाढ झोप, मग डोळे पापण्यांआड भिरभिरतात ती स्वप्नांची झोप. या शेवटच्या अवस्थेची नोंद शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे. बाराला पाठ टेकून साडेचारला नळाचं पाणी भरायला उठणाऱ्या बाईची गाढ झोप बरीचशी पदरात पडते, जाते ती मुख्यतः पहाटेची. ती चिडचिडी झाली, विसराळू झाली, तर दोष तिच्या स्वभावाला देऊ नये. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, आणि ही गरज सरावाने कमी होत नाही.

आणलेली झोप

शस्त्रक्रियेआधी देतात त्याला मराठीत 'भूल' म्हणतात, झोप नाही, आणि हा शब्द फार नेमका आहे. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, तेव्हापासून ही विद्या रुजली. भूलतज्ज्ञ आपल्याला धीर देण्यासाठी "आता झोप लागेल" म्हणतात. पण झोपलेला माणूस हाक मारली की उठतो. पूर्ण भूल दिलेल्याला सुरीही जाणवत नाही. भुलेत झोपेची आवर्तनंही होत नाहीत.

झोपेच्या गोळ्या इतक्या टोकाला नेत नाहीत, पण बऱ्याचशा गोळ्यांची वाट त्याच दिशेची. डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवतात. डोळा लवकर लागतो हे खरं. पण अल्प्राझोलामच्या गटातल्या गोळ्या गाढ झोपेचा वाटा कमी करतात. काही आठवडे रोज घेतल्या की शरीराला सवय होते, मग तेवढ्याच गोळीने भागत नाही. सकाळी डोकं जड राहतं आणि म्हाताऱ्या माणसाचा बाथरूमला जाताना तोल जातो. झोल्पिडेम रक्तात सकाळपर्यंत रेंगाळतं म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला सांगितला. झोपेत चालणं, झोपेत गाडी चालवणं असे प्रकार घडल्यावर २०१९ मध्ये त्याच औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे ही औषधं २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, आणि दुकानदाराने डॉक्टरांचं व रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवायचं. शेजारणीने "माझी एक घेऊन बघ" म्हणून दिलेली गोळी घेऊ नका. कळवळ्याने दिलेली असली तरी नको.

एवढं सांगूनही गोळीला मी वाईट म्हणणार नाही. घरात मृत्यू झाला आहे, मोठं दुखणं आहे, अशा वेळी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी माणसाला तारून नेते. बाबा गेले तेव्हा आईला ती दिली होती, पंधरा दिवसांसाठी. ती नऊ वर्षं चालली. कुणी बंद करायला सांगितलं नाही, तिने विचारलं नाही आणि माझ्याही ध्यानात आलं नाही.

दारूचं थोडक्यात सांगते. एक-दोन पेग घेऊन डोळा पटकन लागतो, पण पहिल्या अर्ध्या रात्रीतली स्वप्नांची झोप दबते आणि दुसऱ्या अर्ध्यात वारंवार जाग येते. घोरणंही वाढतं. गोळीवर दारू तर कधीच नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

योगनिद्रा म्हणजे काय

आषाढी एकादशीला देव झोपी जातात आणि कार्तिकीला जागे होतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. विष्णूची ही चार महिन्यांची झोप म्हणजेच योगनिद्रा, आणि ती बेशुद्धी नव्हे अशीच आपली समजूत. शब्द जुना आहे. आज वर्गात शिकवतात ती पद्धत मात्र विसाव्या शतकातली. मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी तांत्रिक न्यासाच्या, म्हणजे शरीराच्या एकेका अवयवावर मंत्र ठेवण्याच्या विधीवरून ती बेतली. न्यासातले मंत्र काढले आणि अवयवांवरून मन फिरवणं तेवढं ठेवलं.

तिचा पाया शवासन. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात त्याचं फळ दोन शब्दांत सांगितलं आहे: 'श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्'. थकवा घालवणारं, मनाला विसावा देणारं. झोप आणणारं असं म्हटलेलं नाही. पतंजलींनी तर निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये बसवलं आहे, म्हणजे योगाच्या दृष्टीने झोप ही मनाची एक हालचालच, आणि साधना जागं राहून करायची.

या बाबतीत मुंबईचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. आजच्या कसोटीने तो अभ्यास लहान आहे. पण नुसतं पडून राहणं हा उपचार म्हणून मोजून पाहावा, हे परळमध्ये इतक्या लवकर कुणाला तरी सुचलं याचा मला अभिमान वाटतो.

एक गैरसमज मात्र खोडायलाच हवा. "एक तास योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप" हे वाक्य खूप फिरतं. त्याला आधार नाही. योगनिद्रेत स्नायू सैल होतात, श्वास आणि नाडी मंदावते, मनाचा ताण उतरतो. गाढ झोपेत शरीराची जी डागडुजी होते ती यातून होत नाही. रोज पाच तास झोपून योगनिद्रेवर भागवणारा माणूस झोपेचं कर्ज वाढवतच असतो.

संध्याकाळचा सराव

हा सराव झोपायच्या वेळी शिकायचा नाही. रात्री अकराला, झोप येईल की नाही या धास्तीत नवी गोष्ट शिकू गेलात तर "अजून का लागत नाही" एवढंच मनात राहतं. सैल होणं म्हणजे काय हे शरीराला संध्याकाळी, काही मागणं नसताना शिकवायचं. वेळ जेवणाआधी किंवा जेवणानंतर दोन तासांनी. पंचवीस मिनिटं पुरतात. रात्री जिथे झोपता ती जागा शक्यतो टाळा. एकाच खोलीचं घर असेल तर निदान डोकं दुसऱ्या दिशेला करा.

सतरंजीवर दुमडलेली चादर, डोक्याखाली पातळ उशी. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं न झोपता डाव्या कुशीवर. पंखा हळू करा आणि पातळ चादर अंगावर ओढा, कारण स्थिर पडल्यावर दहा मिनिटांत अंग गार पडतं आणि मग सगळं लक्ष त्या गारठ्याकडे जातं. घरच्यांना सांगून ठेवा. अर्ध्या तासाचा गजर लावा.

पायांत फूट-दीड फूट अंतर, हात अंगापासून वीतभर दूर, तळवे वर. आता एकदा दोन्ही मुठी घट्ट आवळा, पाच आकडे मोजा, सोडून द्या. तसंच खांदे कानांकडे ओढून सोडा, चेहरा आक्रसून सोडा, पायांची बोटं ताणून सोडा. माझ्या वर्गात बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका येत. सगळं अंग सैल पडलं तरी त्यांच्या एका हाताचा अंगठा आणि तर्जनी चिमटीत धरल्यासारखी राहायची, आणि मध्येच ती चिमूट मिटायची, उघडायची. तिकिटाला पंच मारणारा हात होता तो. पंच मारायची तिकिटं बंद होऊन वर्षं झाली होती, तरी हात अजून ड्यूटीवर होता. त्यांना मी सैल सोडा असं कधी म्हटलं नाही. उलट ती चिमूट मुद्दाम आणखी घट्ट दाबा म्हटलं, आणि मग सोडा. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी बोटं उघडी, थोडीशी वळलेली, शांत पडून होती. तुमचाही असा एखादा अवयव असेल. कुणाचा जबडा, कुणाच्या भुवयांमधली आठी, कुणाचं पोट. तो शोधा आणि आधी जास्त आवळा.

मग आवाज. मुंबईत शांतता मिळेल तेव्हा सराव करू म्हणणाऱ्याचा सराव कधीच सुरू होत नाही. आधी सर्वांत लांबचा आवाज ऐका, लोकलचा किंवा रस्त्यावरच्या हॉर्नचा. मग इमारतीतला, कुणाच्या कुकरची शिट्टी. मग खोलीतला पंखा. मग स्वतःचा श्वास. आवाजाला नाव द्या आणि पुढे जा. दोन-तीन मिनिटं एवढंच.

यानंतर संकल्प. छोटं, साधं, आपल्या बोलीतलं वाक्य मनात तीनदा म्हणायचं. "मला आज झोप लागणार" हा संकल्प घेऊ नका, त्यात रात्रीची परीक्षा दडलेली असते. मी स्वतः "मी विसावते आहे" एवढंच म्हणते.

आता मुख्य भाग: अवयवांवरून मन फिरवणं. अवयवाचं नाव मनात घ्या, तिथे दोन-तीन सेकंद लक्ष जाऊ द्या, हलवू नका, पुढे चला. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. तळहात, हाताची पाठ, मनगट, कोपर, खांदा, काख. उजवी कूस, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळपाय, पायाचा अंगठा आणि एकेक बोट. मग हेच डावीकडे. मग पाठीमागून: टाचा, पोटऱ्या, नितंब, पाठीचा कणा, खांद्यांची पाती, मान, डोक्याची मागची बाजू. मग पुढून: डोक्याची टाळू, कपाळ, भुवया, पापण्या, गाल, नाक, ओठ, जीभ, हनुवटी, गळा, छाती, पोट. क्रम रोज तोच ठेवा. चार दिवसांत तो पाठ होतो आणि पुढे काय हा विचार उरत नाही. जीभ टाळूला चिकटलेली असेल तर ती खाली सोडा. या एका गोष्टीने मनातली बडबड किती उतरते ते करून पाहाच.

क्रम लक्षात राहत नसेल तर स्वतःच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. सावकाश, गोष्ट सांगताना जसं बोलतो तसं. आईला मी माझ्या आवाजात करून दिलं होतं. अनोळखी गोड आवाजापेक्षा घरचा आवाज तिला लवकर मानवला.

नंतर श्वास. पोट वर येतं, खाली जातं, तेवढं पाहायचं आणि सत्तावीसपासून उलटं मोजायचं: वर आलं सत्तावीस, खाली गेलं सत्तावीस, वर आलं सव्वीस. आकडा चुकला तर पुन्हा सत्तावीसवर. मनाला रागवायचं नाही.

मुंगेरच्या पद्धतीत यापुढे जड-हलकं, थंड-गरम अशा जोड्या अनुभवणं आणि मग दृश्यं पाहणं येतं. पहिले दोन आठवडे हे सोडून दिलंत तरी चालेल. पुढे करायचं झालं तर एखादीच ओळखीची जागा घ्या, आजोळचं अंगण, पावसाच्या पहिल्या सरीनंतरचं. ज्यांच्या मनात एखादा जुना आघात ताजा आहे त्यांना डोळे मिटून आत पाहताना कासावीस व्हायला होतं. त्यांनी डोळे अर्धवट उघडे ठेवावेत, वेळ पाच-सात मिनिटांवर आणावी आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेऊनच पुढे जावं.

उठताना घाई नको. पुन्हा संकल्प, मग खोलीतले आवाज, बोटांची हालचाल, एका कुशीवर वळणं, हाताचा आधार घेऊन बसणं. रक्तदाब कमी असणाऱ्यांनी बसून मिनिटभर थांबल्याशिवाय उभं राहू नये.

मध्येच झोप लागली तर? लागू दे, तुम्हाला तिची गरज होती. पण गजर झाला की उठाच. संध्याकाळी तासभर झोपलात तर दिवसभर साठलेली झोप तिथेच खर्च होते आणि रात्री खिसा रिकामा.

रात्रीची शिस्त

एक वही घ्या. चौदा दिवस, रोज सकाळी: किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, कधी उठलात, शेवटचा चहा कधी. रात्री घड्याळ पाहून लिहू नका, सकाळी अंदाजाने लिहा.

उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. सगळ्या नियमांत हा एक मी सर्वांत वर ठेवते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत गॅलरीत किंवा रस्त्यावर जाऊन उजेड अंगावर घ्या.

अंथरुणाचा नियम असा: झोप आली तरच आडवं व्हायचं. वीसेक मिनिटं तळमळत राहिलात असं वाटलं की उठायचं, मंद दिव्यात बसायचं, पेंग आली की परत. अंथरूण म्हणजे झोप, ही गाठ मेंदूत पक्की करण्याची ही युक्ती रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली. आपल्या चाळीतल्या घरांना इथे एक सोय आहे. पलंग नसतो, रात्री गादी घालायची आणि सकाळी वळकटी करून पोटमाळ्यावर टाकायची. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असताना वेगळी बेडरूम कुठून आणणार? पण अंथरूण झोपेपुरतंच घालणं आणि उठल्याबरोबर गुंडाळणं यात तो नियम आपोआप पाळला जातो. त्यावर बसून टीव्ही पाहू नका, हिशेब करू नका, फोन तर मुळीच नको.

वहीत दिसलं की आठ तास अंथरुणात असता आणि झोप जेमतेम साडेपाच तासांची, तर अंथरुणातला वेळच सहा तासांवर आणतात आणि झोप सलग झाली की हळूहळू वाढवतात. याने पहिल्या आठवड्यात दिवसा पेंग येते. म्हणून ड्रायव्हर, यंत्रावर काम करणारे, फिट येणारे, आणि उन्माद-नैराश्याचा आजार असलेले यांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये. ही सगळी पद्धत आणि झोपेबद्दलचे धास्तीचे विचार बदलणं मिळून जी उपचारप्रणाली होते (तिला सीबीटी-आय म्हणतात) तीच जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी द्यावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं.

अंथरुणात पडल्यावर योगनिद्रेतला फक्त अवयवांचा भाग करा, शेवटचं उठणं गाळून. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. काही ठरावीक सणांचे दिवस सोडले तर पोलिसांकडे तक्रार करता येते. कानात बोळे घालून पाहायलाही हरकत नाही.

डॉक्टरांकडे कधी

आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री, सलग तीन महिने असंच चाललं असेल तर जा. घोरता घोरता श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, सकाळी डोकं दुखत असेल, दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल तर तीन महिने थांबू नका. हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, आणि त्यात झोपेची गोळी धोक्याची. पाय सारखे हलवावेसे वाटणं, पहाटे तीनला जाग येऊन जगणं नको वाटणं, हीसुद्धा तातडीने सांगायची लक्षणं.

आणि गोळी चालू असेल तर ती एका रात्रीत बंद करू नका. एकदम सोडली तर आधीपेक्षा जास्त निद्रानाश, घबराट, हातांना कंप, क्वचित फिटही येते. डॉक्टरांनी आईची गोळी दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवली. मध्ये तिला सर्दी-ताप झाला तेव्हा महिनाभर आहे तिथेच थांबलो. संध्याकाळी शवासन, रात्री तीच उठाबशी, सकाळी सहाला गॅलरी. सगळ्याला आठ महिने लागले. कुठल्या दिवशी अर्धी, कुठल्या दिवशी पाव, ते ती कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायची. शेवटच्या पाव गोळीवर ती सहा आठवडे होती. ती सुटल्यानंतरच्या पहिल्या रात्री तिला चार तास झोप लागली, दुसऱ्या रात्री साडेतीन, आणि अकराव्या रात्रीच्या चौकटीत तिने काही लिहिलंच नाही. सकाळी विचारलं तेव्हा म्हणाली, लिहायचं विसरले.